वडिलांचं कोलेस्टेरॉल, पोट आणि इसबगोल: फायबरच्या डब्याने हृदयाला खरंच फायदा होतो का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतोय. वय ६३, सगळी नोकरी आडतीवर मुनीम म्हणून, म्हणजे दिवसभर गादीवर बसून काम. बीपीची गोळी जुनीच आहे. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर एकूण कोलेस्टेरॉल २२८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केली. पोटाचं दुखणं त्याहून जुनं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट साफ होतं, उन्हाळ्यात तर फारच हाल. त्यावर डॉक्टर म्हणाले, रात्री दोन चमचे इसबगोल घ्या.

इथवर ठीक होतं. मग नात्यातले एकजण घरी आले आणि फायबरचा एक डबा देऊन गेले. किंमत बाराशे रुपये. हा डबा तीन महिने घेतला की कोलेस्टेरॉलची गोळी सुटते, असं त्यांनी वडिलांना ठासून सांगितलंय. वडिलांना गोळ्या नकोच असतात, त्यामुळे त्यांचा जीव आता त्या डब्यात अडकलाय. गोळीचं पाकीट आठवड्यापासून तसंच पडून आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. फायबरने कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का, उतरलं तर किती? गोळीऐवजी ते चालेल का? आणि इसबगोल आणि असले डबे एकच की वेगळे? आमच्याकडे हे गुणकारी आहे एवढं सगळेच सांगतात. ते कसं काम करतं हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

बालाघाट (केज)

दादा, आमच्या आज्यानं जन्मात इसबगोल पाह्यला नव्हता. सकाळी दोन भाकरी, लसणाचा ठेचा, तोंडी लावायला घोळाची नाहीतर अंबाडीची भाजी, दुपारी शेतात परत भाकरी. ऐंशीच्या पुढं गेला तरी पोटाची तक्रार नाही. भाकरी सोडली म्हणून हे सगळं मागं लागलंय. डबे कामून पाहिजेत?

औषधखिडकी (नांदेड)

मांजराकाठ, पहिलं काम आज करा. गोळी बंद असेल तर डॉक्टरांना फोन लावून सांगा आणि परत सुरू करा. डब्याचं नंतर बघू.

आता कसं काम करतं ते. इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा या रोपाच्या बियांवरचं साल. उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकतं, उंझ्याच्या बाजारात त्याचे मोठे सौदे होतात आणि जगाला लागणाऱ्या मालातला बहुतांश आपल्याच देशातून जातो. हे साल पाण्यात टाकलं की फुगून भेंडीच्या बुळबुळीसारखा चिकट गोळा होतो. सगळं काम हा चिकटपणाच करतो. आतड्यातले जंतू इतर फायबर बऱ्यापैकी आंबवून खातात, त्यातून गॅस होतो. इसबगोल ते फारसं खाऊ शकत नाहीत. त्यामुळे तो गोळा पाणी धरून शेवटपर्यंत तसाच पोचतो आणि कठीण मल मऊ करतो. जुलाबात उलट घडतं. मोकळं पाणी तो शोषून घेतो आणि पातळ मल आळतो. बद्धकोष्ठाला कोमट पाण्यातून आणि जुलाबाला दह्यातून हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे, त्यामागे हेच कारण.

कोलेस्टेरॉलचं असं आहे. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्ताम्लं बनवतं. ती पचनासाठी आतड्यात उतरतात आणि काम झालं की बहुतेक सगळी शोषली जाऊन परत यकृताकडे जातात. चिकट गोळ्यात अडकलेली पित्ताम्लं मात्र परतत नाहीत, मलावाटे बाहेर जातात. मग यकृताला नवी बनवावी लागतात, त्यासाठी कच्चा माल लागतो, आणि तो ते रक्तातलं एलडीएल ओढून घेऊन मिळवतं. म्हणून एलडीएल उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली. त्यासाठी रोज ७ ग्रॅम विरघळणारं फायबर पोटात जावं लागतं, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा (हेच साल).

किती उतरतं? रोज १० ग्रॅमच्या आसपास नेमाने घेतलं तर एलडीएल ५ ते १० टक्के. तुमच्या वडिलांच्या १५२ वर हिशेब करा. ७ टक्के धरले तर १० ते ११ ने उतरेल, १४१ ला येऊन थांबेल. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने साधारण ४५ टक्के उतरतं, म्हणजे १५२ चं ८३-८४ होतं. आता तुम्हीच सांगा, डबा गोळीची जागा कशी घेणार?

पण दोन्ही सोबत घेतले तर फायदा आहे. स्टॅटिनला (रोसुव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीला) इसबगोलाची जोड दिली की एलडीएल आणखी थोडं उतरतं, जवळपास गोळीचा डोस दुप्पट केल्यावर जेवढं उतरावं तेवढं. ज्यांना जास्त डोस सोसत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं योग्यच आहे.

मांजराकाठ (लातूर)

गोळी आज दुपारी सुरू केली. डॉक्टरही हेच म्हणाले. तुमचा १५२ चा हिशेब वडिलांना कागदावर मांडून दाखवला. आकडेमोडीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना ते लगेच पटलं.

दोन चमचे म्हणजे नक्की किती? आणि रात्री झोपतानाच घ्यायचं का?

औषधखिडकी (नांदेड)

चमच्याचा घोळ सगळ्यांचाच होतो. भुसा हलका असतो, त्यामुळे चहाच्या छोट्या सपाट चमच्यात दोन ग्रॅमसुद्धा बसत नाहीत. जेवायच्या मोठ्या चमच्यात साधारण पाच ग्रॅम येतात. म्हणजे १० ग्रॅमला दोन मोठे चमचे. पण पहिल्याच दिवशी एवढं देऊ नका, पोटाला गुबारा धरेल. छोट्या एका चमच्याने सुरुवात करा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा. शेवटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन भाग करा.

पाण्याबद्दल नीट वाचा. प्रत्येक वेळी किमान एक मोठा ग्लास, २४० मिलिलिटर, आणि चमचा त्यात ढवळल्या ढवळल्या प्यायचा. कोरडा भुसा तोंडात टाकून वरून दोन घोट पाणी घेणारे लोक मी रोज काउंटरवर बघतो. हे अजिबात करू नका. तो घशात, अन्ननलिकेत फुगतो आणि अडकतो. श्वास कोंडण्याचा धोका असल्याचा इशारा पाकिटावर असतो, तो कुणी वाचत नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो, ज्यांना पक्षाघात होऊन गेलाय, ज्यांच्या आतड्यात कुठे अडथळा आहे किंवा मल आत घट्ट साठून बसलाय, त्यांना हे द्यायचं नाही.

झोपताना घेऊन लगेच आडवं होऊ नये. रात्रीच्या जेवणानंतर घ्या आणि तासभर तरी बसते-फिरते राहा.

दुसरी गोष्ट औषधांची. हा चिकट गोळा गोळ्यांनाही धरून ठेवतो. थायरॉइडची, लोहाची, मेटफॉर्मिन, फिट्सची कार्बामाझेपिन, हृदयाची डिगॉक्सिन, लिथियम, यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर इसबगोलाने जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, म्हणून साखर तपासत राहा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

ताट_आणि_तराजू (छत्रपती संभाजीनगर)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डब्यांबद्दल आणि भाकरीबद्दल, दोन्हींवर लिहिते, कारण या दोन्हींची गल्लत होतेय.

फायबर ही एक वस्तू नाही. मेडिकलमध्ये त्या नावाखाली चार-पाच वेगवेगळे पदार्थ विकले जातात आणि प्रत्येकाचं काम निराळं. इसबगोल विरघळतं, चिकट होतं, कमी आंबतं. म्हणून त्याचा पोटाला आणि कोलेस्टेरॉलला दोन्हीकडे उपयोग. इन्युलिन विरघळतं पण चिकट होत नाही आणि जंतू ते झपाट्याने आंबवतात. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना ते मिळतं हे खरं, पण नाजूक पोटाच्या माणसाला त्याने गॅस आणि मुरडा होतो. कोलेस्टेरॉलवर त्याचा इसबगोलासारखा भरवसा नाही. गव्हाचं डेक्स्ट्रिन पाण्यात दिसेनासं होतं म्हणून लोकांना आवडतं, पण चिकटपणा नाही तर पित्ताम्लं अडकणार कशात? गव्हाचा जाडा कोंडा विरघळत नाही. तो आतड्याच्या अस्तराला घासून पाणी आणि बुळबुळ सुटायला लावतो, त्यामुळे पोट हलतं. एलडीएलवर त्याचा परिणाम नाही. ओट्स आणि बार्लीतलं बीटा ग्लुकन मात्र इसबगोलाच्या पंगतीत बसतं, रोज ३ ग्रॅम गेलं तर कोलेस्टेरॉल उतरतं.

मांजराकाठ, तुमच्या डब्याच्या मागचं बारीक छापलेलं वाचा. पहिलं नाव कशाचं आहे, एका मापात फायबर किती ग्रॅम आणि साखर किती ग्रॅम ते इथे लिहा. काही चवीच्या डब्यांत मूळ वस्तूपेक्षा साखरच जास्त असते. सोनामुखी, म्हणजे सना, लिहिलेली असेल तर ते फायबर नव्हेच, ते रेचक झालं. आतड्याला चिमटा काढून पोट साफ करणारं औषध. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेत राहायची ती गोष्ट नाही.

बालाघाट दादा, तुमच्या आजोबांचं ताट उत्तमच होतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम फायबर असतं, बाजरीत साडेअकराच्या आसपास. पांढऱ्या तांदळात तीनच्या आत, मैद्यातही तेवढंच. आपल्याला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हवं असतं. दोन मोठ्या भाकरींना १२० ग्रॅम पीठ धरलं तर १२ ग्रॅम तिथेच झालं. वाटीभर वरण, पालेभाजी, चमचाभर जवसाची चटणी, एक पेरू, झाले तीस. डबा न आणता झाले.

पण ज्वारीतल्या त्या दहा ग्रॅमपैकी आठच्या वर न विरघळणारं असतं. पोटाला ते छान. एलडीएल उतरवायचं खास काम त्यातून फारसं होत नाही. म्हणून भाकरी खाणाऱ्यालाही इसबगोलाचा उपयोग होऊ शकतो.

बालाघाट (केज)

ताई, हे विरघळणारं आन् न विरघळणारं मला आज कळलं. पण भाकरीचा मुद्दा सोडत नाही. आमच्या गावात आता घरटी बघा. रेशनचा गहू आन् तांदूळ येतो, सकाळी पोळी, रात्री भात. ज्वारी पेरायची कोण? खरिपातली ज्वारी मोडून सगळीकडं सोयाबीन झालं, कारण त्याला बाजार हाय आन् कणसाला पाखरं राखायची कटकट नाही. रब्बीची मालदांडी राहिली तीबी कडब्यासाठी. मालदांडीचा भाव बघून मजूर माणूस गव्हाचीच पोळी करतो. परभणीच्या विद्यापीठानं परभणी शक्ती ही ज्वारी काढली, लोह आन् जस्त जास्त असलेली. चांगलं काम हाय. पण खाणाऱ्याच्या ताटात भाकरीच नसंल तर वाण कितीबी चांगला असू द्या.

आन् पीठ चाळायचं खूळ. पोळी पांढरी दिसावी म्हणून बारीक चाळणीनं कोंडा काढायचा, तो म्हशीला घालायचा आन् मग मेडिकलातून फायबर आणायचं.

उलटतपासणी (परभणी)

वरचं सगळं वाचलं. माझी एक हरकत नोंदवतो. धाग्याच्या नावात हृदय आहे आणि चर्चा कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर थांबलीय. माणसाला हवं असतं ते हार्ट अटॅक न येणं. इसबगोल घेणाऱ्यांना अटॅक कमी येतात असं दाखवणारा मोठा, अनेक वर्षं चाललेला प्रयोग माझ्या वाचनात नाही. एलडीएल उतरलं म्हणजे धोका उतरला असावा, हे अनुमान स्टॅटिनच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोगांनी पक्कं झालंय. फायबरच्या डब्याच्या बाबतीत ते अनुमानच आहे.

उलट एक जुना प्रयोग सांगतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, वेल्समधला. हार्ट अटॅक येऊन गेलेले २०३३ पुरुष. काहींना धान्याचं फायबर वाढवायचा सल्ला दिला, काहींना मासे खायचा, काहींना चरबी कमी करायचा. दोन वर्षांनी मासे खाणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. फायबर वाढवणाऱ्यांत काहीच फायदा दिसला नाही.

ताट_आणि_तराजू (छत्रपती संभाजीनगर)

हरकत रास्त आहे आणि ती इथे यायलाच हवी होती. मी तिच्याशेजारी दुसरी माहिती ठेवते.

२०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला. १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ प्रयोग एकत्र करून तपासले. भरपूर फायबर खाणाऱ्यांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत एकूण मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १५ ते ३० टक्के कमी होता. दिवसाला २५ ते २९ ग्रॅमला सगळ्यात ठळक फायदा. यातला मोठा भाग लोक काय खातात ते बघून काढलेला आहे. भरपूर फायबर खाणारा माणूस इतर गोष्टीही सांभाळत असतो, त्यामुळे सगळं श्रेय फायबरला देता येत नाही. पण प्रयोगांतही वजन, बीपी आणि कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं, आणि हे दोन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून मला ते वजनदार वाटतात.

पण नीट बघा, हे सगळं अन्नातल्या फायबरबद्दल आहे. ज्वारी, डाळी, भाज्या, फळं, दाणे. त्यांच्यासोबत पोटॅशियम येतं, मॅग्नेशियम येतं, आणि पांढरा भात, पाव, फरसाण यांची जागा कमी होते. बरणीतला भुसा यातलं काहीच आणत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ताट सुधारायला सांगते, आणि एलडीएल जास्त असेल किंवा पोट हट्टी असेल तर त्यावर इसबगोल. नुसतं इसबगोल घेऊन ताट तसंच ठेवणाऱ्याला हृदयाच्या नावाने मी काहीच सांगू शकत नाही.

उलटतपासणी (परभणी)

हे मान्य. वेल्सच्या प्रयोगाबद्दल एवढं जोडतो की त्यात धान्याचं, म्हणजे बहुतांश न विरघळणारं फायबर होतं आणि काळही दोनच वर्षांचा. त्यावरून फायबर निकामी म्हणणं चूक ठरेल. पण 'हृदयाचं रक्षण करतो' असं डब्यावर ठळक छापून बाराशे रुपये घेणं मला पटत नाही.

कोयता_गाडी (बीड)

मी कधी लिहीत नाही, नुसतं वाचते. आज लिहिते, कारण इथं सगळेजण एक ग्लास, दोन ग्लास पाणी म्हणताय.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, आता भाऊ-भावजय जातात. दिवाळीनंतर गाव सुटतं ते उन्हाळ्यापर्यंत. फडावर बाईला संडास नसतो. पहाटे अंधारात एकदा, मग दिवसभर आजूबाजूला गडीमाणसं, मुकादम, ट्रॅक्टरवाले. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. तहान लागली तरी घोटभर घेऊन तोंड ओलं करतात. आली तर दाबून ठेवतात. असं वर्षानुवर्षं केल्यावर पोट गच्च होणार नाही तर काय. माझ्या आईला मूळव्याध झाली, रक्त जायचं, आन् ती कुणाला सांगायची नाही. त्यात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी मल आणखी कडक झाला. मग तिनं गोळ्याच सोडल्या.

तिला गावातल्या कुणीतरी इसबगोल सांगितला होता. पाणी न पिणाऱ्या बाईनं तो घेतला, दोन दिवसांत पोट दगड झालं. आता इथं वाचल्यावर कळतंय का झालं ते.

गावात असताना तरी काय वेगळं? टँकर आठवड्यातून येतो तेव्हा पिण्याचं पाणी आधी लेकरांना, म्हाताऱ्यांना, मग जनावरांना. बाईचा नंबर शेवटी. तुम्ही लोक भलं सांगताय, पण या बायांना काय सांगायचं तेही सांगा.

औषधखिडकी (नांदेड)

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आमच्याकडे अशा बाया येतात, कागदावर फक्त 'पोट साफ' लिहिलेलं असतं, आणि आम्ही भुशाचं पाकीट देऊन मोकळे होतो. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. बाकीच्या वर्षी गावागावात काय होतं ते कुणी बघत नाही.

माझ्याकडून एवढं. ज्या बाईला दिवसाला पुरेसं पाणी पिता येत नाही तिला इसबगोल देऊच नये. तिच्यासाठी दुसरी औषधं आहेत, लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. ती आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि घशात अडकायचा धोका नसतो. पावडर पाण्यात विरघळवूनच घ्यावी लागते आणि पाणी त्यांनाही लागतंच, पण भुशासारखा दगड होत नाही. डॉक्टरांना विचारून ती घ्यावीत. लोहाच्या गोळीने मल कडक होत असेल तर गोळी सोडू नये, डॉक्टर लोहाचा प्रकार (क्षार) बदलून देतात, डोस दिवसाआड करतात. आणि रक्त जात असेल तर ती मूळव्याधच आहे असं घरी ठरवू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं बद्धकोष्ठ, मलातून रक्त, आपोआप घटणारं वजन, रक्त कमी होत जाणं, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, फायबर नंतर.

फडावर संडास आणि पाणी मिळणं हा औषधाच्या दुकानातून सुटणारा प्रश्न नाही. ती जबाबदारी कामावर नेणाऱ्यांची आहे. ते होत नाही तोवर आम्ही बायांना नुसतं पाणी प्या म्हणायचं, याची मलाही लाज वाटते.

बालाघाट (केज)

कोयता_गाडी ताई, आमच्या गावातूनबी शंभरावर जोड्या जातात. बायांचं हे कुणी बोलत नाही. गाव सोडून निघायच्या आधी ग्रामपंचायतीत आरोग्य तपासणी होते, तिथं हा विषय मी काढतो.

पैनगंगा (हिंगोली)

मला पोटाचा वेगळाच त्रास आहे. कधी दोन दिवस काहीच नाही, कधी सकाळी तीनदा पळावं लागतं. डॉक्टर आयबीएस (आतड्याचा चिडखोरपणा) म्हणतात. फायबर वाढवा म्हणाले म्हणून कोंड्याच्या पोळ्या सुरू केल्या तर पोट आणखी फुगायला लागलं.

ताट_आणि_तराजू (छत्रपती संभाजीनगर)

पैनगंगा, कोंडा बंद करा. आयबीएसमध्ये न विरघळणाऱ्या कोंड्याने फुगारा वाढू शकतो. अमेरिकेतल्या पचनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी विरघळणारं फायबर घ्या, न विरघळणारं नको, असं स्पष्ट सांगितलंय. इसबगोल छोट्या चमच्याने, हळूहळू. तुमच्यासारख्या दोन्हीकडून त्रास असणाऱ्यांनाही ते मानवू शकतं. इन्युलिनचे डबे टाळा.

मांजराकाठ (लातूर)

डब्याच्या मागचं भिंग लावून वाचलं. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, दुसरं इन्युलिन, मग साखर, मग इसबगोल. एका मापात फायबर ४ ग्रॅम, त्यात इसबगोल किती ते लिहिलेलंच नाही.

ताट_आणि_तराजू (छत्रपती संभाजीनगर)

यादीत जे आधी ते वजनाने जास्त. म्हणजे तुमच्या डब्यात इसबगोल चौथ्या नंबरला. कोलेस्टेरॉलसाठी जे लागतं तेच सगळ्यात कमी. माल्टोडेक्स्ट्रिन हे पटकन पचणारं पिठूळ आहे, साखर चढवतं. ट्रायग्लिसराइड १९० असलेल्या माणसाला ते नकोच. साधा भुसा आणा, बिनचवीचा, बिनसाखरेचा.

तुम्ही लातूरचे म्हणून एक मुद्दाम सांगते. टोरोंटोच्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग छापला होता. ४६ माणसं, एक महिना. एका गटाला नुसतं कमी चरबीचं जेवण, दुसऱ्याला त्याच जेवणासोबत स्टॅटिन, तिसऱ्याला चार गोष्टी एकत्र: चिकट फायबर, सोयाबीनची प्रथिनं, बदाम आणि वनस्पतींमधले स्टेरॉल. स्टॅटिनच्या गटात एलडीएल सुमारे ३१ टक्के उतरलं, चार गोष्टींच्या गटात सुमारे २९ टक्के. जेवण आखून, मोजून दिलेलं होतं, घरी तेवढं जमणं अवघड. तरी त्यातून एक कळतं की नुसता भुसा ५-१० टक्क्यांवर थांबतो, पण भुसा, सोयाबीन, मूठभर दाणे असं सगळं जुळलं की आकडा बराच पुढे जातो. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि ते सगळं तेलाच्या मिलला जातं. घरी भाकरीच्या पिठात दहा किलोला एक किलो भाजलेलं सोयाबीन दळून घ्या. भाजूनच घ्यायचं, कच्चं नाही. बदाम परवडत नसतील तर भाजलेले शेंगदाणे, मीठ न लावता.

गोळी सोडायची नाही, हे पुन्हा लिहिते.

मांजराकाठ (लातूर)

आई म्हणाली, ज्वारीत सोयाबीन ती पूर्वीही घालायची, वास येतो म्हणून वडिलांनी बंद करायला लावलं होतं. आता भाजून घालणार आहे. डबा परत करतोय, पैसे मिळाले तर मिळाले.

एक राहिलं. आईला थायरॉइडची गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी घेते. तिलाही पोटाचा त्रास आहेच. दोघांनी सकाळी सोबतच इसबगोल घेतला तर चालेल का? आणि वडिलांचं रक्त परत कधी तपासायचं?

औषधखिडकी (नांदेड)

आईने सकाळी नाही घ्यायचं. थायरॉइडची गोळी पहाटे, आणि इसबगोल संध्याकाळच्या जेवणाआधी एकदाच. सुरू केल्यावर पुढच्या थायरॉइड तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगायला विसरू नका, गोळीचं शोषण कमी झालं तर टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढलेला दिसतो. थायरॉइड कमी असलं तरी बद्धकोष्ठ होतं, त्यामुळे आकडा बऱ्याच महिन्यांत बघितला नसेल तर आधी तोच बघा.

वडिलांचं लिपिड प्रोफाइल गोळी नेमाने सुरू झाल्यापासून सहा ते बारा आठवड्यांत. बीपीची गोळी कोणती आहे ते एकदा इथे लिहा. व्हेरापामिल असेल तर पोट त्यानेही आवळतं, आणि मग भुसा वाढवत बसण्यापेक्षा डॉक्टरांशी गोळी बदलण्याबद्दल बोलणं बरं.

मांजराकाठ (लातूर)

पाकीट बघून सांगतो. बहुतेक अॅम्लोडिपिन आहे.

औषधखिडकी (नांदेड)

अॅम्लोडिपिनने क्वचितच होतं. मग पाणी, भाकरी, रोज संध्याकाळी चालणं आणि भुसा, याच क्रमाने जा.